मामांचे पाच रांजण

जगाच्या अंताची तयारी माझ्या मामेसासऱ्यांनी जेवढी केली, तेवढी साऱ्या मराठवाड्यात कुणी केली नसेल. उदगीरला आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि एक कापडी पिशवी. पेटी वापरायची, पिशवी नाही. पिशवीत धुतलेलं धोतर, सदरा आणि दातांची कवळी होती. आम्ही ख्रिस्ती; प्रभू पुन्हा येईल तेव्हा घाईत काही राहू नये म्हणून. जेवताना मामा कवळी लावत नसत, भाकरी वरणात कुस्करून खात. "मामा, कवळी जेवायसाठी असते," मी म्हणायचे. "अन् झिजली मंग? प्रभूपुढं बोळकं घिऊन हुबं राहू का?" मी दवाखान्यात नर्स होते, वाद घालायला मला वेळ नव्हता.

मामांना सगळीकडे खुणा दिसत. शेजारच्या देवणी गाईला जुळं झालं, खूण. सलग दोन वर्षं पाऊस गेला, ती तर मोठीच खूण. त्यातच सरकारने उस्मानाबाद जिल्हा तोडून लातूर वेगळा केला. गावात पेढे वाटले, मामांनी मात्र पेढा तोंडात घातला नाही. "नवा जिल्हा झाला, सूनबाई. आता बायबलातलं नवं आकाश अन् नवी पृथ्वी, येवढंच राहिलं." दुसऱ्या दिवशी ते चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे जिल्हा उस्मानाबाद होता, तो बदलून पाहिजे होता. "देवदूतानं मला हुडकावं कुठं?" पाळकसाहेब हसले; जुनी नोंद खोडता येत नाही म्हणाले. मामांना आठवडाभर जेवण गेलं नाही.

कृपादानाचीही, म्हणजे पवित्र आत्म्याच्या देणगीची, त्यांना फार आस. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत कुणी कधी न शिकलेल्या अन्य भाषांत बोले, कुणाला संदेश मिळे. मामांना तीस वर्षांत काही मिळालं नव्हतं. एकदा त्यांच्या तोंडून अनोळखी शब्द निघाले आणि सगळे "हालेलूया" म्हणाले. तेवढ्यात बिदरकडची एक बाई म्हणाली, "हे कानडी हाय की. म्हशी हाकताना बोलत्यात." मामांनी लहानपणी त्या बाजूला म्हशी राखल्या होत्या.

बायबलातल्या दाखल्यांपैकी, म्हणजे बोधकथांपैकी, मात्र त्यांनी एकच घट्ट धरला होता, दहा कुमारींचा. नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा पोरी. पाच शहाण्यांनी दिव्यासाठी जादा तेल घेतलं, पाच मूर्खांनी नाही. ऐनवेळी शहाण्यांनी आपलं तेल दिलं नाही, मूर्ख बाहेर राहिल्या आणि लग्नघराचं दार बंद झालं. मामा म्हणत, मराठवाड्यात तेल म्हणजे पाणी. त्यांनी मधल्या खोलीत पाच रांजण मांडले, भरले, तोंडाला फडकी बांधली. कुणी उघडायचे नाहीत. टँकर आठवड्याने येई. आम्ही दोन बादल्यांत आंघोळी, भांडी, कपडे उरकायचो आणि हे पाच रांजण आपले गार बसलेले. मला राग येई. पण आधीच्या मोठ्या दुष्काळात मामी पाण्याच्या रांगेत भोवळ येऊन पडल्या, त्या उठल्याच नाहीत, हे मला माहीत होतं. घरात त्या दिवशी तोंडावर मारायलाही पाणी नव्हतं. म्हणून फडक्याला हात लावायला मी धजत नव्हते.

रांजण भरल्याला वर्ष झालं, त्या उन्हाळ्यात एकदा टँकर बारा दिवस फिरकला नाही. शेजारी किराणा दुकानवाल्या लिंगायत काकू राहत. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, बाळ चार दिवसांचं. भर दुपारी काकू घागर घेऊन आमच्या दारात आल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी आमच्या घरचा चहासुद्धा कधी घेतला नव्हता.

"सिस्टर, लेकराला पुसायला पाणी न्हाई. पोरगी तापानं फणफणून राहिली."

मी मामांकडे बघितलं. ते रांजणांपुढे आडवे येऊन उभे राहिले होते. "शहाण्या पोरींनी दिलं व्हतं का?" ते म्हणाले. "दार बंद झालं तर, सूनबाई?"

"त्याच अध्यायात पुढं शेवटच्या दिवसाचा, मेंढरा-शेरडांचा न्याय आहे, मामा. तहानेल्याला पाणी कुणी दिलं, एवढंच तिथं विचारतात."

"ठावं हाय मला," मामा म्हणाले. "म्हणून तर ते पान म्या वाचत न्हाई."

मग ते वळले आणि पहिल्या रांजणाच्या फडक्याशी झटू लागले. वर्षभर ओली होऊन वाळलेली गाठ, सुटेना. मी कात्री आणायला निघाले. तोवर मामांनी पिशवीतून कवळी काढली, तोंडात बसवली आणि गाठ दातांनी ओढून सोडवली.

काकूंनी घागर भरली. मग तिथेच ओंजळ पुढे केली. मामांनी तांब्याने पाणी ओतलं आणि त्या घटाघटा प्यायल्या.

टँकर येईपर्यंत तीन रांजण संपले. लेकीचा ताप उतरला, बाळाने गल्ली डोक्यावर घेतली. मामांनी फडकी पुन्हा बांधली नाहीत; काळजी मात्र तशीच. कडी वाजली की दचकत. "प्रभू आला असंल तर काय दावू गं?" मी म्हणायचे, "रिकामे रांजण दाखवा." त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही.

पुढच्या वर्षी मामा गेले. कवळी मी आठवणीने बसवली. पाळकसाहेबांनी दफनाच्या रजिस्टरात सवयीने जिल्हा उस्मानाबाद लिहिला.

"लातूर करा," मी म्हटलं.

"आता काय फरक पडतो, सिस्टर?"

"त्यांना पडतो."

त्यांनी खोडून लातूर लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही.