पॉजवर ठेवलेलं विमान

चार माणसं एका छंदापायी जमली की किस्से साठायला वेळ लागत नाही. आम्ही तर तिघंच, आणि छंद कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवायचा, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरचा. रविवारी सकाळी राजाजीनगरला देवधर काकांकडे जमायचं, काकूंचे पोहे खायचे आणि जेवणाची हाक येईपर्यंत युद्ध करायचं. मी पुण्याचा, बेळ्ळंदूरला सॉफ्टवेअर टेस्टर आहे. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असतंच, असं मानण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे हे किस्से सांगताना मी जरा अवघडतो.

*

काकांनी एका सरकारी विमान कारखान्यात तीस वर्षं पंखांची ड्रॉइंग्ज काढली. पंखातला कुठला रिव्हेट कुठे बसतो ते झोपेतसुद्धा सांगतील. पण स्क्रीनवरचं विमान उतरवायला गेले की धावपट्टी राहायची बाजूला आणि काका शेजारच्या शेतात!

एका सकाळी लागोपाठ तीन विमानं मोडली तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "अहो, तीस वर्षांत बांधली नसतील तेवढी या महिन्यात मोडलीत."

काका म्हणाले, "ज्यानं बांधली त्यालाच तो हक्क असतो."

*

आमच्यातले तिसरे अण्णा. ते त्याच कारखान्यात काकांच्या हाताखाली होते, मूळचे निपाणीचे. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि काकांना अजूनही 'साहेब' म्हणायचे.

एकदा त्यांना नवं सिम्युलेटर दाखवायला माझ्या फ्लॅटवर बोलावलं. डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट चढवला की माणूस थेट कॉकपिटमध्ये बसतो आणि जगातल्या कुठल्याही गावावरून उडू शकतो. अण्णांनी अर्थातच निपाणी मागितली. विमान मी चालवत होतो, ते मान वाकवून खाली बघत होते.

"स्वल्प खाली घे की," ते म्हणाले. "हां. आमचं घर दिसायलंय. आई अंगणात तंबाखू पसरायलीय."

मग हेडसेट काढून त्यांनी डोळे पुसले आणि चहा मागितला.

त्यांची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. शिवाय त्या सिम्युलेटरमध्ये घरं असतात, झाडं असतात, पण माणसं नसतात. ते गेल्यावर मी चार-पाच वेळा त्याच जागी विमान नेऊन पाहिलं. अंगण होतं, त्यात कोणी नव्हतं. अण्णांना हे मी सांगितलं नाही.

*

काकांना मात्र नवं काहीच नको असायचं. त्यांचा जीव एका जुन्या सीडीवरच्या खेळात अडकलेला. त्यात आपली तुकडी असते आणि तिच्यातल्या वैमानिकांना आपण नावं द्यायची. एखादा पडला की त्याच्या नावावर लाल रेघ येते आणि तो पुन्हा मिळत नाही.

काकांनी तिथे आपल्या सेक्शनमधल्या लोकांची नावं घातली होती. राव, थॉमस, अण्णा, आणि प्रमुख म्हणून स्वतः. जुनी माणसं पुन्हा भेटल्यासारखं वाटतं, असं म्हणायचे.

एका रविवारी राव पडले. मंगळवारी खरे राव मल्लेश्वरममध्ये स्कूटरवरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. आम्ही फळं घेऊन भेटायला गेलो आणि हसत हसत सगळं सांगितलं. रावही हसले, त्यांची बायको हसली नाही.

*

त्यानंतर महिन्याभरात थॉमसचं विमान पडलं. काका आणि अण्णांची विमानं अजून हवेत होती, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. थॉमस त्याच सकाळी कोट्टयमला गेले होते. म्हणजे वारलेच.

काकांनी फोन ठेवला आणि पॉजची कळ दाबली. स्क्रीनवर अण्णांचं विमान जागच्या जागी थांबलं. त्याच्या मागे शत्रूचं एक विमान लागलेलं होतं.

हा खेळ अर्ध्यात सेव्ह होत नाही. बंद केला तर हवेत असतील ते सगळे बेपत्ता धरले जातात, आणि त्यांच्याही नावावर रेघ. काकांनी मॉनिटर बंद केला, कॉम्प्युटर चालूच ठेवला आणि त्यावर टॉवेल टाकला. तो तसाच सहा महिने घरघरत होता. काकू त्याच्या कडेकडेनं केर काढायच्या. मी काकांना 'योगायोग' हा शब्द दहा वेळा तरी ऐकवला असेल.

अण्णा सोफ्यावर बसून चिडवायचे, "साहेब, खाली घ्या आता. बसून बसून पाय आखडलेत माझे."

काका एकदाही हसले नाहीत.

*

मग अण्णांच्या छातीत दुखलं आणि बायपास ठरली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नऊला त्यांना आत नेलं. मी दुपारी त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या सोबतीला जाणार होतो. तेवढ्यात काकांचा फोन आला. "निखिल, दहा ते पाच वीज बंद असल्याचा मेसेज आलाय. यूपीएस जेमतेम अर्धा तास चालेल. अण्णा वर आहे."

मी पोचलो तेव्हा वीज गेलेली होती आणि यूपीएस टूं टूं करत होता. टॉवेल बाजूला पडला होता. काकांचा हात विमान चालवायच्या स्टिकवर होता. मला एकदम भीती वाटली, आणि तिचं कारण मला देता येईना.

काकांनी पॉज काढला. उभ्या जन्मात धड नेम न लागलेल्या माणसानं मागचं विमान पहिल्या फैरीत पाडलं. मग अण्णांच्या विमानाला घरी जायचा हुकूम दिला. पण ते उतरेना. धावपट्टीवर नुसत्या घिरट्या घालू लागलं, आणि काका त्याच्या वर.

"काका, तुमचं पेट्रोल संपत आलंय. तुम्ही आधी उतरा."

"तो उतरल्याशिवाय नाही."

शेवटी अण्णांचं विमान खाली आलं, टेकलं, थांबलं. पंखा फिरायचा बंद झाला. काकांनी स्टिक वळवली आणि त्यांचं इंजिन बंद पडलं. विमान ढगाच्या खाली नुसतं तरंगत होतं. तेवढ्यात यूपीएस संपला आणि स्क्रीन काळा झाला.

"झालं," काका म्हणाले. "तो उतरला ना?" मग शांतपणे आत जाऊन त्यांनी काकूंकडे पाणी मागितलं.

दुपारी अक्कांचा फोन आला, ऑपरेशन नीट झालं. सकाळच्या गोष्टीबद्दल आम्ही त्यांना अवाक्षर सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत एकालाच सोडत होते, म्हणून काका बाहेर थांबले आणि मी आत गेलो. अण्णांचे डोळे मिटलेले होते. मी हात धरला, तसे त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"मी उतरलो कवाच," अण्णा म्हणाले. "साहेबांस्नी खाली बोलव. ते अजून वरच फिरायल्यात, आणि त्यांचं पेट्रोल संपलंय."