ह्यांचा खांदा

जाऊबाई, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वेडंवाकडं आहे, काना-मात्रा चुकेल, सांभाळून घ्या. दिवाळीत तुम्ही विचारलंत, "इतके वर्ष गावाले काऊन नाही आले?" तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेले. म्हणून लिहिते.

मलकापूर स्टेशनावर तुम्ही सगळे सोडायला आला होतात. ह्यांच्या गळ्यात हार, माझ्या हातात भाकरीचं गाठोडं. सासूबाई म्हणाल्या, "पुण्यात हळू बोलजो, लोकं हासतात." क्रिकेटमधली ह्यांची लांब फेक पाहून एका सरांनी बेसबॉल खेळायला बोलावलं होतं. चांगलं खेळलास तर नोकरी लावून देऊ, म्हणाले होते.

पहिल्याच मॅचला ह्यांनी चेंडू मारला आणि उभेच राहिले. क्रिकेटमध्ये रन निघत नसला तर पळत नाहीत ना! बेसबॉलमध्ये मारलं की पळावंच लागतं. सगळे ओरडले, तर हे म्हणतात, "रन नव्हता ना भाऊ!" आऊट झाले. पोरं कितीतरी दिवस चिडवायची, "ए वऱ्हाडी, बस लागली, आता तरी पळ!"

मग शिकले. पुढच्या वर्षी पेपरात नाव आलं, ते तुम्ही गावभर दाखवलंत. त्याच हंगामात लांबून फेकताना खांदा गेला. हात वर होईना. खेळ संपला, नोकरीही मिळायची राहिली. हे टेम्पो चालवू लागले, मी मेसमध्ये पोळ्या लाटू लागले. फोनवर मात्र "प्रॅक्टिस चालू आहे" म्हणायचे. गावी गेलो तर कोणी हातात चेंडू देईल, हीच धास्ती.

ह्या दिवाळीला सासूबाई फोनवर रडल्या म्हणून आलो, आणि तसंच झालं. मी डबा घेऊन मैदानावर गेले होते. ह्यांचे मित्र सुभाषभाऊ चेंडू पुढं करून म्हणाले, "फेक बे, पाहू दे बेसबॉलवाला हात!"

"खांदा गेला बे. कवाचाच."

सुभाषभाऊ चेंडू खिशात घालत म्हणाले, "मंग अंपायर हो. आमचा अंपायर लय चोर हाय."

घरी सासूबाईंनी तेल कोमट केलं. "मले काऊन नाही सांगतलं रे?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"आता नाही वाटून राह्यलं का? काढ शर्ट."

ह्यांनी शर्ट काढला. मला मात्र हे कधी त्या खांद्याला हात लावू देत नव्हते.

पुण्यातली खोली पक्की आहे, नळ आहे, फॅन आहे. आम्ही तिथंच राहणार. पण त्या दुपारी हे ओसरीवर उघड्या अंगानं, तोंड वासून झोपले होते आणि तुम्ही सगळे त्यांना वळसा घालून ये-जा करत होतात. इतकं निवांत झोपलेलं मी त्यांना पुण्यात एकदाही पाहिलं नाही. घर म्हटलं की आता मला तेच दिसतं.