निळ्या पट्ट्याची होडी

केरबा रेल्वेत गँगमन होता. खंडाळ्याच्या घाटात वाकून खडी ठोकण्यात त्याची एकतीस वर्षं गेली, आणि त्यातली सव्वीस वर्षं गँगचा झेंडीवाला होता अंबाजी. झेंडीवाल्याचं काम एकच. गाडी दिसली की शिट्टी फुंकायची. शिट्टी झाली की बाकीच्यांनी रुळावरून बाजूला व्हायचं. गाडी खरंच येतेय का, हे मान वर करून बघत बसणारा माणूस त्या घाटात फार दिवस टिकत नाही. केरबानं सव्वीस वर्षांत एकदाही मान वर केली नाही. अंबाजी बोलला म्हणजे बोलला. ही सवय पेन्शनीत निघाल्यावरही सुटली नाही, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

अंबाजीचं रान पवनेच्या धरणाला लागून. तिथं फायबरची एक जुनी होडी पालथी पडली होती. कुठला तरी बोट क्लब बंद पडला, तेव्हा टाकून गेलेली. बुडाला हात जाईल एवढं भोक, मागची फळी कुजलेली, आत सापाची कात. दसऱ्याचं सोनं द्यायला केरबा गेला, तेव्हा अंबाजी म्हणाला, "केरबा, तुझा हात लय चांगला हाय. ही नीट कर. मग दोघांची. निम्मी तुझी, निम्मी माझी."

होडी दुरुस्त करणं सोडाच, केरबानं जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता. पण समोर पाण्यापलीकडं त्याच्या बायकोच्या, अनसूयाच्या, थोरल्या बहिणीचं गाव दिसत होतं. बहीण दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, आणि अनसूयाचे गुडघे गेलेले. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या धरणाला वळसा आणि दोन गाड्या बदलायच्या. म्हणून भेटच नव्हती. खिंडीपलीकडं आपल्या गावी, औंढ्याला, घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच केरबानं सांगून टाकलं, "गुढीपाडव्याला तुला पाण्यावरनं बहिणीकडं नेतो."

"तुमी?" असं म्हणून अनसूया इतकी हसली, की तिला ठसका लागला.

मग सुरू झाली फजिती. मोबाइलवर बघून केरबानं भोक बुजवायला चिंचवडहून चिकट रेझिन आणलं, काचेच्या धाग्याची मॅट आणली, आणि रेझिन घट्ट करणारं हार्डनर आणलं. हार्डनर टाकलं भाजीत मीठ टाकावं तसं, अंदाजानं. बादली तापली, धूर ओकू लागली आणि ब्रश आतच कायमचा रुतला. दुसऱ्या खेपेला भीतीनं इतकं कमी टाकलं, की थर आठवडाभर चिकटच राहिला. त्याला धूळ चिकटली, चिलटं चिकटली, एकदा तर अंबाजीची कोंबडी चिकटली. शेवटी अनसूयाच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण मापाला घेतलं, तेव्हा कुठं जमलं. घासताना उडणारी बारीक कुसळं अंगात घुसून अशी खाज सुटायची, की अनसूया त्याला गादीवर टेकू देईना. हट्टाला पेटलेला माणूस मात्र दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी रोज लुनावरून खिंड ओलांडत राहिला.

अंबाजीनं कामाला हात लावला नाही. करंजाखाली बसायचा, किटलीतून चहा आणायचा आणि तारीफ करायचा. "गड्या, तू रेल्वेत फुकट गेलास," म्हणायचा. केरबाला ते ऐकायला फार आवडायचं. एकतीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

रंगाची वेळ आली. अनसूयाला पिवळा हवा होता, बहिणीच्या दारातून दिसेल असा. अंबाजी म्हणाला, "पिवळा नगं. पांढरी कर आन निळा पट्टा मार. पाण्यावर शोभतो." रंगाचे डबेही त्यानंच आणले. केरबानं का, कशाला, काही विचारलं नाही. बायकोची समजूत घातली आणि श्वास रोखून निळा पट्टा ओढला.

पाडव्याला चार दिवस राहिले असताना केरबा रानात गेला, तर होडी जागेवर नव्हती. होडीच्या आकाराचं पिवळं पडलेलं गवत होतं, आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे माग. माग काठाकाठानं एका रिसॉर्टच्या धक्क्याशी जात होते. तिथं पाच होड्या बांधलेल्या. पाचही पांढऱ्या, पाचही निळ्या पट्ट्याच्या. सहावी त्याची. धक्क्यावर लाइफ जॅकेट घालून अंबाजी उभा.

रिसॉर्टचा मॅनेजर हसतच पुढं आला. "मिस्त्री तुम्हीच का? छान काम केलंत. गणपतीतच ठरलं होतं आमचं. बोट चालू करून दिली, की अंबाजीभाऊंना इथं कायमची नोकरी."

गणपतीत. म्हणजे दसऱ्याच्या आधी. 'निम्मी तुझी' म्हणाला, तेव्हा होडी देऊन झाली होती! प्रत्येक चहाच्या वेळी त्याला ते माहीत होतं. केरबाला रागापेक्षा लाज जास्त वाटली. सहा महिने आपण खुळ्यासारखं खुशीत होतो, याची. होडी एक वेळ गेली तर गेली. पण ज्याच्या शब्दावर सव्वीस वर्षं जीव टांगला, तो माणूस आता आठवणीतसुद्धा धड राहिला नव्हता.

"घरात कुजत व्हतो रं," अंबाजी खालच्या आवाजात म्हणाला. "तुझ्या हातात हुन्नर हाय. माझ्याकडं काय हाय?"

"मागितली असतीस तर दिली असती की रं," केरबा म्हणाला आणि परत फिरला.

पाडव्याच्या दिवशी अनसूयानंच हट्ट धरला. "तुमी केलेली होडी मला बघायचीय." दोघांनी तिकीट काढलं आणि परक्यासारखे त्या होडीत बसले. अनसूयानं कडेवरून हात फिरवला. "कुटं जोड कळत न्हाई वं," ती म्हणाली. होडी निम्म्या पाण्यात गेली. बहिणीचं कौलारू घर दिसू लागलं, आणि होडी वळली.

"आरं बाबा, अजून थोडं पुढं घे की," अनसूया होडी चालवणाऱ्या पोराला म्हणाली. "तितं माझी बहीण हाय."

"पलीकडं लावत नाही, मावशी. गोल फिरवून आणायची, एवढीच परवानगी आहे."

अनसूया मान मागं वळवून त्या घराकडं बघत राहिली. केरबा तिच्याकडं बघू शकला नाही.

धक्क्यापाशी होडी आली. "सावकाश, वहिनी," म्हणत अंबाजीनं उतरवून घ्यायला हात पुढं केला. केरबा उठला, दुसऱ्या बाजूनं गुडघाभर पाण्यात उतरला आणि बायकोला आधार द्यायला तिथंच थांबला. अनसूयानं अंबाजीच्या हाताकडं पाहिलं. मग लुगडं वर खोचलं आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी तीही पाण्यात उतरली.