कमरेशी ओढलेली रेघ

ओल्या चुन्याचा वास नाकात शिरला, की माझ्या तळपायांना अजूनही गार पाणी लागते. पायांखाली उन्हाने तापलेली कोरडी फरशी असली तरी लागते. वासाचे आणि स्पर्शाचे हे गुप्त संगनमत कोणी घडवले असेल?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पत्नी गेल्यावर कोल्हापुरातले घर मला खायला उठू लागले. दवाखान्यात ती स्वतःच्या पायांनी चालत गेली होती. चपला घालताना 'आलेच मी' म्हणाली होती. ती आली नाही. जन्मभर लोकांच्या वाडवडिलांच्या तसबिरी रंगवल्या, पण माझ्या हातून तिचे एकही चित्र झाले नव्हते. घरचे माणूस आपण नेहमी उद्यावर टाकतो, नाही का? म्हणून राधानगरीच्या वाटेवर, भोगावतीच्या खोऱ्यात दोन खोल्यांचे घर घेतले, ते तिथल्या एका भिंतीसाठी. उत्तरेच्या खिडकीतला शांत, निश्चल प्रकाश त्या भिंतीवर दिवसभर नांदत असे.

भिंतीवर तेलात कालवलेल्या गेरूच्या काही आडव्या रेघा होत्या. शेजारचे मकबूलचाचा म्हातारे गवंडी. भिंतीला चुना द्यायला त्यांना बोलावले, तर त्यांनी कुंचला खाली ठेवला. "रेघा पुसू नगासा, मास्तर. पूर वसरला की जुनं मालक पाण्याच्या खुणंवर रेघ वडायचं. नदी रेघ बघूनच माघारी फिरती. न्हाय गावली, तर हुडकत आत येती." मी हसलो, आणि चुना स्वतःच दिला. शहाणपणाची घमेंड चित्रकाराला अंमळ जास्तच असते.

मग डिंकात कालवलेल्या रंगांनी मी तिला भिंतीवर उभी केली, पुरुषभर उंच, हिरव्या लुगड्यातली, दाराकडे पाहणारी. पाय सर्वांत शेवटी काढले. बोटांत जोडवी रंगवली. आणि तेव्हापासून रोज सकाळी मला वाटू लागले, की ती दाराकडे किंचित सरकली आहे. एकदा दोरीने माप घेतले. ती जागची हलली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा माप घेतलेच.

श्रावणात धरणाचे दरवाजे उघडल्याची वार्ता आली, आणि भर दुपारी नदी उंबऱ्याखालून आत शिरली. गर्जना नाही, खळखळ नाही. एखादे ओळखीचे माणूस न विचारता घरात यावे, तशी ती आली, आणि भिंतींना चाचपत चढू लागली. चाचा गुडघाभर पाण्यातून मला न्यायला आले. मी हललो नाही. तिला भिंतीतून काढून कुठे नेणार होतो? त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिले, घरी गेले आणि वाटीत तेल-गेरू घेऊन परतले. "तुमी पुसलीया, तवा तुमीच वडा."

कुठे ओढू? तिची पावले तोवर विरघळली होती. लुगड्याचा हिरवा रंग माझ्या पोटऱ्यांभोवती संथपणे फिरत होता. गळ्याशी रेघ ओढायला हात धजेना. अखेर डोळे मिटून तिच्या कमरेशी, तिच्या आरपार, मी ती लाल रेघ ओढली. मग चाचांनी दंडाला धरून मला टेकावरच्या शाळेत नेले.

तिसऱ्या दिवशी परतलो. गाळाची ओली कड माझ्या रेघेला खालून टेकली होती. वर एक थेंबही चढला नव्हता. खाली लुगडे नव्हते, पाय नव्हते. चुना धुऊन गेला होता, आणि जुन्या रेघा जशाच्या तशा वर आल्या होत्या. नदीने माझी रेघ वाचली, की तो निव्वळ योगायोग? मला दोन्ही उत्तरांची भीती वाटते, म्हणून मी हा प्रश्न कधी कोणाला विचारला नाही.

"पाय काडा की परत. बरं न्हाय दिसत," चाचा पुष्कळदा म्हणाले. मी मान डोलवत असे. दर ज्येष्ठात मी ती रेघ गेरूने ताजी करतो, रेघा आणि चित्र सोडून बाकीच्या भिंतीला चुना देतो, आणि तो वास उठला की तळपाय गार पडतात. ती अजून दाराकडेच पाहते आहे. रंग घरात आहेत, हातही अजून स्थिर आहे. पण पाय मी काढणार नाही. पाय होते, तेव्हा ती गेली होती.