अम्मो वहीब रीस्टार्ट करत नाहीत

आमच्या इजिप्तमधल्या मिन्या शहरात, निदान आमच्या गल्लीत तरी, कॉम्प्युटर बिघडला की लोक आधी तो बंद करून परत चालू करतात आणि मग अम्मो वहीबला, म्हणजे वहीबकाकांना, हाक मारतात. अम्मो धापा टाकत जिना चढतात आणि दारात चपला काढता काढताच विचारतात, "कुणी बंद करून चालू केला का?" हो म्हटलं की त्यांचा चेहरा असा होतो जणू आपण कुणा म्हाताऱ्याच्या कानफटात दिलीय.

"तापानं फणफणलेल्या माणसाला गदागदा हलवता का तुम्ही? नाही ना? मग याला का? आधी विचारायचं, बाबा रे, खाल्लंस काय?"

हे असं. मी लहान होते तेव्हापासून बघतेय त्यांना. आमच्या इमारतीच्या खालीच त्यांचं दुकान, मूळ टीव्ही दुरुस्तीचं. ते जुने पोटवाले टीव्ही अजून तिथे एकावर एक बसलेत आणि त्यांच्यासमोर अम्मोंचं स्वतःचं पोट. मनगटावर आतल्या बाजूला बारीक हिरवा क्रॉस गोंदलेला, आणि त्याच हातात कायम चहाचा ग्लास, त्यात साखर एवढी की चमचा उभा राहील. टीव्ही दुरुस्त करून घेणं लोकांनी सोडलं तेव्हा अम्मोंनी कॉम्प्युटर उघडायला सुरुवात केली. कुठे शिकलात विचारलं तर म्हणतात, "शिकायचं काय त्यात? टीव्हीच तो, फक्त उलट उत्तरं द्यायला लागलाय."

आणि खरं सांगू का, निम्म्या वेळा त्यांचं चुकतं. पण इतक्या खात्रीनं चुकतात की आपल्यालाच वाटतं मशीनचं काहीतरी चुकलं असेल. ते डब्याच्या पाठीवर तळवा ठेवतात, डोळे मिटतात, मान हलवतात. माझी आई कारागिराला म्हणतात तसं त्यांना उस्ता म्हणते: "उस्ता वहीब नाडी बघतात आणि पैसे चहाचे घेतात." मला ते इतके आवडतात ना, म्हणजे मी शब्दात सांगू शकत नाही, म्हणून ही गोष्टच सांगते.

खाला इन्साफ, म्हणजे इन्साफमावशी, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे मिस्टर वारल्यापासून एकट्याच. एकुलता एक मुलगा मुअतज़, तो इटलीत मिलानला हॉटेलात कामाला. या उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं, तिथल्याच एका इजिप्शियन घरातल्या मुलीशी. खालांना व्हिसा मिळाला नाही. दोनदा अर्ज केला, दोनदा नाही. त्या रडल्या नाहीत, पण त्या आठवड्यात त्यांनी केलेली मुलुखियाची पातळ पालेभाजी इतकी खारट होती की आम्ही सगळ्यांनी गुपचूप खाल्ली.

मग मुअतज़नं उपाय काढला. शुक्रवारी आमच्याकडच्या असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर तिकडे मशिदीत निकाह, आणि तो सगळा कॉम्प्युटरवर दिसणार, वरच्या कॅमेऱ्यातून खालाही तिकडे दिसणार. एक लिंक पाठवली, ती ब्राउझरमध्ये उघडायची, बस्स. आमच्या इमारतीत व्हिडिओ दिसेल असा मोबाईल एकाकडेच, तो फार्मसीवाला, आणि तो स्वतःच्या बायकोलाही हात लावू देत नाही. म्हणजे खालांचा कॉम्प्युटर हाच एक मार्ग.

आणि खालांचा ब्राउझर सारखा हँग व्हायचा.

म्हणजे आपण क्लिक करायचं आणि ते वाळूचं घड्याळ फिरत बसायचं, माऊस हलतोय, बाकी सगळं गोठलेलं. शुक्रवारी दुपारी मी वर गेले लिंक उघडून ठेवायला तर तेच. सरबताचे ग्लास ट्रेमध्ये मांडून तयार, खाला सोनेरी काठाची अबाया घालून, काजळ घालून तयार, आणि स्क्रीन पांढरी. मी धावत खाली गेले आणि अम्मोंना जेवणावरून उठवून आणलं. म्हणजे अक्षरशः, त्यांच्या हातात पावाचा तुकडा होता.

"बंद करून चालू केला का?"

"नाही अम्मो, देवाशपथ."

"शाबास पोरी. चल, बघू काय खाल्लंय त्यानं."

तळवा ठेवला, डोळे मिटले. "हम्म. याला इंटरनेट पुरत नाहीये. उपाशी आहे." आमच्या इमारतीत इंटरनेट एकाच घरात, आणि तिथून खिडक्याखिडक्यांतून सगळ्यांनी वायरी ओढलेल्या. अम्मोंनी गच्चीत जिथं त्या सगळ्या एकत्र येतात तिथं हात घातला आणि सगळ्यांच्या वायरी उपटल्या, फक्त खालांची ठेवली. दोनच मिनिटांत चौथ्या मजल्यावरून फरहातची पोरं बोंबलायला लागली.

"अम्मो! आमचा गेम! आम्ही जिंकत होतो!"

"आज हाज्जा इन्साफ जिंकणार आहेत! गप्प बसा, नाहीतर उद्या वायर कापूनच टाकतो!"

सगळी इमारत उपाशी ठेवली तरी ब्राउझर हँग तो हँगच. मग अम्मो म्हणाले धूळ. चालू डब्याचंच झाकण उघडलं, आतून खालांच्या मांजरीच्या केसांचा एवढा मोठा गोळा काढला आणि डॉक्टर मुतखडा दाखवतो तसा सगळ्यांना दाखवला. "हे बघा! हे!" मला पण वाटलं, झालं, हेच. झाकण परत लावलं. एक क्षण सगळं चाललं, लिंक अर्धी उघडली, आणि परत पांढरं.

खाला दारातून म्हणाल्या, "उस्ता, असरची अजान झाली हो."

"ऐकली, हाज्जा. मी बहिरा नाही."

तेवढ्यात फोन वाजला. मुअतज़. मीच उचलला. "शुरूक, यम्मा कुठेय? दिसत का नाहीये? इकडे सगळे आलेत. शेखसाहेबांना यानंतर अजून एक निकाह लावायचाय दुसरीकडे. मी सांगितलंय थांबा म्हणून, पण किती थांबतील गं? मी तिच्याशिवाय हात पुढे करणार नाही, तिला सांग." आणि त्याचा आवाज चिरला. एवढा मोठा बाप्या माणूस. मला तर तिथेच रडू फुटलं, मी अशीच आहे, आणि मी अम्मोंना ओरडून म्हटलं, "बंद करा ना तो आणि परत चालू करा! काय होतंय? सगळे करतात!"

अम्मोंनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा डबा आता एकदा बंद केला ना पोरी, तर उठायलाच अर्धा तास लावेल. म्हातारा आहे. माझ्यासारखा."

आणि तेव्हाच ते झालं. ब्राउझर इतका गोठला की त्याच्यातून येणारा आवाजसुद्धा बंद पडला. तोपर्यंत आम्हाला कुणाला जाणवलंच नव्हतं की आवाज येतोय. कारण खालांच्या घरात कायमच कुराणाचं पठण चालू असतं, आणि तसं ते कुणाच्या घरात नसतं? घर रिकामं असलं तरी घरात पठण चालू ठेवून माणसं बाहेर जातात. पंख्याच्या आवाजासारखं, आपण ऐकत नाही, पण थांबलं की दचकतो.

खाला दचकल्या. स्वयंपाकघरातून तरातरा आल्या, अम्मोंच्या खांद्यावरून हात घालून माऊस धरला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या एका चित्रावर टकटक दोनदा दाबलं. थोड्या वेळानं रेडिओवरचं ते पठण नव्या पानात परत सुरू झालं, मधल्या एकदोन ओळी गाळून. खाला परत वळल्या.

अम्मो खुर्चीत ताठ बसले. "हाज्जा. हे काय केलंत आत्ता?"

"काय केलं? थांबलं होतं, लावलं परत."

"असं कधीकधी करता?"

"कधीकधी काय? थांबलं की लावते. मुअतज़नं जाताना पठणाच्या रेडिओचं हे बटण करून दिलं मला. यांचा रेडिओ बिघडल्यापासून ह्याच्यातच लावते. दिवसभर, रात्रभर."

"आणि जुनं बंद करता का?"

खालांनी असं बघितलं जसं अम्मोंनी काही अचकट विचकट विचारलंय. "अल्लाहचं बोलणं चालू असताना मी कशाला बंद करू?"

अम्मोंनी हळूच स्क्रीनच्या तळाशी लपलेली ब्राउझरची दुसरी खिडकी वर ओढली. आणि मला दिसलं. टॅब, टॅब, टॅब. एकाला एक चिकटून, इतके बारीक की नावंसुद्धा वाचता येईनात, जसे कंगव्याचे दाते. किती महिन्यांचे कोण जाणे. प्रत्येक टॅबमध्ये तेच रेडिओचं पान, जुनी सगळी मुकी, फक्त शेवटचं बोलतंय, आणि प्रत्येक पानाच्या कडेला शाम्पूच्या नाहीतर फ्रीजच्या नाचणाऱ्या जाहिराती. बिचारा ब्राउझर! त्याला तर पोटभरून अजीर्ण झालं होतं.

"म्हटलं होतं ना," अम्मो म्हणाले, "खाल्लंय काय ते बघा." तासापूर्वी उपाशी म्हणाले होते, ते सोयीनं विसरले.

आता उपाय सोपा होता. ते टॅब एकेक करून बंद करणं शक्यच नव्हतं, प्रत्येकाला ते वाळूचं घड्याळ. सबंध ब्राउझरच बंद करायचा, परत उघडायचा, लिंक लावायची. मी माऊसकडे झेपावलेच. अम्मोंनी माझं मनगट पकडलं.

"थांब. पठणातले शेख बोलतायत."

"अम्मो!"

"वाक्य पुरं होऊ दे. मध्येच तोंडावर दार लावायचं का माणसाच्या? हाज्जा, आयत संपली की सांगा, मी लगेच बंद करतो."

खालांचा चेहरा पांढरा पडला. शेख आपले निवांत, जुनं रेकॉर्डिंग, एक ओळ खालच्या सुरात म्हणणार, मग तीच वर चढवून, मग मागचे लोक अल्लाह अल्लाह करणार, मग परत.

"लांब आहे का ही?" अम्मोंनी विचारलं.

"उस्ता," खाला म्हणाल्या, "सबंध कुराणात याहून लांब आयत नाही."

म्हणजे बघा! सहा हजारांहून जास्त आयती, आणि त्या ब्राउझरनं नेमकी हीच पकडावी! उधारीची आयत, अख्खं पान भरते. देणंघेणं लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, लेखनिकानं हे करावं, ते करावं. फोन परत वाजायला लागला. अम्मो हात मांडीवर ठेवून बसले, चर्चमध्ये बसतात तसे. त्यांच्या टकलावर घाम. मी रुमाल चावत होते. फोन वाजून थांबला.

आणि शेख त्या जागेवर आले जिथं म्हटलंय, साक्षीदारांना बोलावलं तर त्यांनी नाही म्हणू नये. ते त्यांनी एकदा म्हटलं. मग वर चढवून परत म्हटलं.

खाला एकदम उभ्या राहिल्या. "ऐकलंत का? मला बोलावलंय."

"हाज्जा, मी बंद नाही हं करणार मध्येच. माझा हात धजणार नाही. मी तर नाहीच."

"तुम्ही मशीन बंद करा. आयत मध्ये तुटणार नाही. ती मी घेते."

आणि त्यांनी घेतली! शेखांच्या तोंडातून पुढचा शब्द त्यांनी उचलला आणि म्हणायला लागल्या, डोळे मिटून, साध्या आवाजात, भरभर, घरातल्या बाया म्हणतात तसं, न चढवता न ओढता. अम्मोंनी दोन ओळी ऐकल्या, त्या अडखळत नाहीयेत याची खात्री केली, ओठांतल्या ओठांत स्वतःचं काहीतरी पुटपुटले आणि ब्राउझर बंद केला. शेख थांबले. खाला थांबल्या नाहीत. खोलीत त्यांचाच आवाज, अबायाची किनार मुठीत धरलेली. अम्मोंनी ब्राउझर उघडला, रिकामा, हलका, एकच टॅब. लिंक टाकली. खाला म्हणतायत. चक्र फिरलं. खाला म्हणतायत. आणि खालांची आयत पुरी झाली तेव्हा स्क्रीनवर एक मोठं नाक आलं.

"यम्मा?" नाक म्हणालं. "यम्मा, दिसतेयस! अरे दिसतेय ती! थांबा, शेखसाहेब, दिसतेय!"

"मागे सरक रे, गाढवा," खाला म्हणाल्या. "तुझा टाय बघू दे."

पुढचं काय सांगू. त्यानं हात पुढे केला, मुलीच्या वडिलांनी तो धरला, वर पांढरा रुमाल टाकला. कबूल म्हणाला तेव्हा त्यानं शेखांकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं. खालांनी असा झगरूता दिला, तो जिभेचा लांब उलुलु, की वरून फरहातची पोरंसुद्धा बंद पडलेला गेमबिम विसरून टाळ्या पिटायला लागली. अम्मोंनी डोळे पुसायला रुमाल शोधला, तो मी चावून ठेवलेला, मग बाहीनंच पुसले.

आणि त्या क्षणी ब्राउझर परत हँग झाला.

आवाज गेला, चित्र तसंच राहिलं. मुअतज़ हसतोय, तोंड अर्धं उघडं, टाय वाकडा, बाजूला नवरीचा अर्धा चेहरा आणि कुणाचातरी पेढ्यासारखं काहीतरी धरलेला हात.

"आत्ता करतो," अम्मो पुढे वाकले. "आता मला कळलंय याचं. एका मिनिटात..."

"उस्ता," खाला म्हणाल्या, "हात लावू नका."

"हाज्जा, हँग झालाय तो. बिघडलाय."

"राहू दे बिघडलेला." खालांनी खुर्ची ओढली आणि स्क्रीनसमोर बसल्या, पदर सारखा केल्यासारखी अबाया सारखी केली. "शुरूक, सरबत दे उस्तांना."

अम्मोंनी सरबत घेतलं. पण त्यांचा जीव लागेना. एक घोट घ्यायचे, त्या गोठलेल्या स्क्रीनकडे बघायचे, बोटं वळवळायची, माऊसकडे जायची, खाला नुसतं खाकरायच्या आणि बोटं परत ग्लासवर. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना एखादी वस्तू दुरुस्त करू नका म्हणत होतं.