पुढची कांडी
आमच्या कॉलेजात त्या वर्षी स्टॅटिस्टिक्स घेतलेली मी एकटीच. सर रिकाम्या वर्गात माझ्या एकटीसमोर शिकवायचे, तेही वर्ग भरलेला असल्यासारखं, मोठ्या आवाजात.

रँडम व्हेरिएबलपाशी मी अडले. शाळेपासून एक्स म्हणजे शोधून काढायची संख्या. मी विचारलं, "सर, पण या एक्सचं उत्तर किती?"

"याला एक उत्तर नसतं. तो काय काय असू शकतो आणि त्यातल्या कशाची शक्यता किती, एवढंच सांगायचं."

मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

आई कामतघरला लूमच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत मशीनवर छोट्या कांड्यांना गुंडाळायची. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. पण दिवसभराच्या खडखडाटानंतर तिला बोलणं नको वाटायचं. एका दुपारी तिचा डबा द्यायला गेले आणि तिथेच बसून राहिले. एक कांडी भरेपर्यंत धागा किती वेळा तुटतो, ते बघत होते. बहुतेकदा तुटायचाच नाही. कधी एकदा, क्वचित दोनदा. दर कांडीमागे मी जमिनीवर खडूने एक आडवी रेघ ओढत गेले, एकीवर एक. न तुटलेल्यांची रांग वेगळी, एकदा तुटलेल्यांची वेगळी. हळूहळू उंच रांगेकडून बुटक्या रांगेकडे एक उतार दिसू लागला. पुढच्या कांडीचं सांगता येत नव्हतं, पण उतार फारसा बदलत नव्हता. कशाची शक्यता किती, ते उतारच सांगत होता. सर ज्याला डिस्ट्रिब्युशन म्हणायचे, ते हे होतं!

"आई, कळलं मला!"

तिने मशीन थांबवलं. मी सांगितलं ते नीट ऐकलं. "मंग आता पुढचा धागा कवा तुटंल, ते कळतंय?"

"नाही. ते नाही कळत."

"मंग काय उपयोग हाय त्याचा?"

ती चिडली नव्हती, खरंच विचारत होती. तिने मशीन पुन्हा सुरू केलं. मैत्रिणींच्या ग्रुपवर मी रेघांचा फोटो टाकला. एकीने अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगायचं म्हणून लवकर गेले. सर आलेच नाहीत. त्यांना दुसरीकडे नोकरी लागल्याचं शिपाईकाकांकडून कळलं. मी फळ्यावर तो उतार काढला आणि रिकाम्या बाकांना मोठ्याने समजावून सांगू लागले.

शिपाईकाका कुलूप घेऊन दारात आले. "कोणाशी बोलतेस गं?"

"कोणाशी नाही."

"चालू दे," म्हणाले, आणि दाराबाहेर स्टुलावर ऐकत बसले.

माझं सांगायचं थोडंच राहिलं होतं. मी ते लांबवलं.