किचनच्या टेबलावरची मतं

“मावशी, रिपोर्ट गेला. आता चहा सांगा,” समीर सर म्हणाले.

मी म्हटलं, “सर, तो परत मागवा. चूक हाय. आणि ती माझीच हाय.”

सरांचा चेहरा असा झाला की चहा राहूनच गेला.

आधी आमचं काम काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई काहीतरी फेकतेय. अलिबागला मेडिकलच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही सहा जणी आणि समीर सर. काम अमेरिकेतल्या निवडणुकांच्या सर्व्हेचं. हसू नका, माझी सूनही हसली होती. तिकडे मतदारांना मोबाइलवर प्रश्न पाठवतात, ते आपल्या शब्दांत उत्तरं लिहितात, आणि तिकडे दिवस मावळला की सकाळी आमच्याकडे फाइल येते. आम्ही एकेक उत्तर वाचायचं आणि त्याला नंबर द्यायचा. याला कोडिंग म्हणतात. कॉम्प्युटरवाल्यांचं कोडिंग वेगळं. आमचं म्हणजे मेथी निवडणं, पानं इकडे, काड्या तिकडे. ज्या उत्तराला काही अर्थच नाही त्याला नव्व्याण्णव. नव्व्याण्णव पडला की तो माणूस अंदाजातून बाहेर.

मी मॅट्रिकपुढे शिकलेली नाही. पण वीस वर्षं रोहा, मुरूड, श्रीवर्धन, सगळीकडे दारोदार फिरून निवडणुकीचे सर्व्हे केलेत. इंग्रजी त्या फॉर्मांवरच शिकले, मांडीवर डिक्शनरी घेऊन.

तर ही गोष्ट मागच्या मिडटर्मची. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षांनी निवडतात. मधेच, दोन वर्षांनी, आपल्या लोकसभेसारखी एक निवडणूक होते, ती मिडटर्म. त्यात राष्ट्राध्यक्ष उभा नसतो, म्हणून पुष्कळ लोक फिरकतच नाहीत. त्यामुळे कोण आवडतो हे विचारून अंदाज लागत नाही. आवडणारे घरी बसले तर काय उपयोग? खरंच मत कोण देणार, हे ओळखायचं. म्हणून आमच्या सर्व्हेत एक प्रश्न होता, ‘तुम्ही मत कसं देणार आहात?’ ज्याच्याकडे नीट बेत असेल तो धरायचा. ‘कामावर जाताना देईन’, ‘बहिणीच्या गाडीतून जाऊ’, अशी उत्तरं आली की तो मतदार पक्का.

तिकडच्या क्लायंट डायना मॅडमनी आम्हाला ट्रायलला एकच मतदारसंघ दिला होता. उमेदवार दोन. एक गाड्यांच्या शोरूमचा मालक, दुसरी रिटायर्ड मास्तरीण. अंदाज बरोबर आला तर पुढे अख्ख्या राज्याचं काम. चुकला तर आमचं टेबल बंद, सहा जणी घरी. माझं एक सोडा, पण आमच्यातल्या नंदाचं घर तिच्या पगारावर चालत होतं.

आता माझी चूक. त्या प्रश्नाला एका बाईने लिहिलं होतं, ‘किचनच्या टेबलावर आहे.’ मी म्हटलं, आम्ही विचारतोय काय, ही सांगतेय काय! नव्व्याण्णव. पुढचा म्हणतो, ‘फ्रिजवर चिकटवलाय.’ नव्व्याण्णव. मी सगळ्यांत मोठी, म्हणून बाकीच्या पाच जणींनाही सांगितलं, असलं काही दिसलं की नव्व्याण्णव टाका गं, वेळ घालवू नका. त्याही टाकत सुटल्या. अंदाज निघाला, शोरूमवाला आरामात. बाकीच्या कंपन्यांचाही तोच. सर खूश.

पण माझी जुनी खोड आहे. रिपोर्ट निघत असला तरी मी टाकून दिलेली उत्तरं पुन्हा वाचते. ही खोड मला मुरूडकडच्या एका कोळीवाड्याने लावली. तिथे पूर्वी मी विचारत फिरले होते, मत द्यायला जाणार का? तर जो तो म्हणे, “वारा बघून सांगू.” मला वाटलं, माझी मस्करी करतायत. सगळे फॉर्म रद्द केले. मग एका म्हातारीने मला झापलं, “अगो बाय, वारा बरा असला तर होड्या दर्यात जातील. मग मत कोन देल, मासं?” खरंच सांगत होते बिचारे. तेव्हापासून माझा नियम आहे, एकाने वेडं उत्तर दिलं तर तो वेडा. अख्ख्या वाडीने दिलं तर वेडी मी.

आणि इथे तर अर्ध्या मतदारसंघाचं काहीतरी टेबलावर पडलेलं होतं.

संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, सरांनी कॉल लावला. लावण्याआधी मला म्हणाले, “मावशी, ट्रायलवर असताना चूक कबूल करायची?”

“मग नोकरी पक्की झाल्यावर करायची काय?”

डायना मॅडम स्क्रीनवर आल्या. मी सरळ विचारलं, “मॅडम, व्हॉट इज ऑन द किचन टेबल?”

त्या आधी गोंधळल्या, मग खो खो हसल्या. “द बॅलट!”

तिकडे काही राज्यांत मतपत्रिका पोस्टाने घरी येते. घरीच भरायची, सही करायची, पोस्टाने परत पाठवायची नाहीतर नेमलेल्या पेटीत टाकायची. आपल्याकडे साधा माणूस शाळेत रांग लावणार, बोटाला शाई लावून घेणार. मतपत्रिका फ्रिजवर चिकटवतात हे माझ्या स्वप्नात तरी आलं असतं का? म्हणजे ज्यांच्या हातात मत होतं, त्यांनाच मी काड्यांच्या ढिगात टाकलं होतं.

मॅडमनी दोन दिवस दिले. आम्ही सगळे नव्व्याण्णव पुन्हा उघडले. नंदा म्हणाली, “आता सगळ्यांना पक्के धरूया, संपलं.”

“न्हाय,” मी म्हटलं. “टेबलावर आहे म्हणजे पेटीत पडलं असं न्हाय. लग्नाची पत्रिका येते म्हणून आपण प्रत्येक लग्नाला जातो का?”

मग एकेक वाचलं. ‘सही झाली, उद्या टाकायचाय’, हा पक्का. ‘इथेच कुठेतरी असेल’, हा गेला. पक्क्यांत वयस्कर बाया फार निघाल्या, आणि त्यांचा कल मास्तरणीकडे. नवा अंदाज आला, मास्तरीण, थोडक्यात.

सर डोकं धरून बसले. “मावशी, आपण एकटे पडू. सगळं जग शोरूमवाला म्हणतंय.”

“एकटे कुठे? सहा जणी हाय ना.”

डायना मॅडमनी पुन्हा पुन्हा विचारलं, खात्री आहे का? मी म्हटलं, खात्री पेटीची नसते मॅडम, वाचल्याची असते. आम्ही प्रत्येक उत्तर वाचलंय. त्यांनी आमचा आकडा छापला.

मतमोजणी सुरू झाली आणि शोरूमवाला जो पुढे गेला तो गेलाच. नंदा म्हणाली, “मावशी, उद्यापासून जेट्टीवर कोलंबी सोलायला जायचं ना? मला पण सांगा.” मी वरून हसले, पण जेवण काही गेलं नाही. पण त्या राज्यात पोस्टाची मतं शेवटी मोजतात. दुसऱ्या दिवशी त्याची आघाडी निम्मी झाली. तिसऱ्या दिवशी समीर सर, चाळिशीचा माणूस, जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर आले आणि दारातूनच ओरडले, “मास्तरीण आली!”

खालच्या मेडिकलवाल्याला वाटलं वर आग लागली.

बाकी सगळ्यांचा अंदाज पडला होता. आम्हाला राज्य मिळालं. नंदा आता टीम लीडर आहे, मलाच दटावते. थंडी पडल्यावर सरांनी त्यांच्या वाडीत पोपटी लावली, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायला ठेवल्या, आणि वालाच्या शेंगा सोलता सोलता डायना मॅडमना व्हिडिओ कॉल केला. मडक्यात काय आहे ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी विचारलं मात्र तीनदा.

आता पुढची मिडटर्म आलीय, फाइली सुरू झाल्यात. यंदा कोण, असं जो तो मला विचारतो. मी सांगते, वाचून झाल्यावर सांगेन. नव्या मुली घाबरत येतात, म्हणतात मावशी, आम्हाला अमेरिका माहीत नाही. मला तरी कुठे माहीत आहे? कळलं नाही तर विचारायचं. फार तर समोरचा हसतो. डायना मॅडमही हसल्या होत्या, आणि त्यानंतरच त्यांनी काम दिलं.